पिशवीला होकार, पॅचला नकार

फेब्रुवारीत पुतण्याच्या मुंजीसाठी नाशिकला गेले होते. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आंघोळ करून खोलीत पॅच बदलत होते, तेवढ्यात आई टॉवेल घेऊन आत आली. "काय लागलंय गं?" तिला वाटलं, पट्टी मारलीय. मी म्हटलं, लागलं नाही, औषध आहे. पाळी जाण्याच्या त्रासावरचं. इस्ट्रोजेन नावाचं हॉर्मोन असतं यात.

आईचा चेहरा एकदम उतरला. "अगं, हॉर्मोननं कॅन्सर होतो ना?"

जुना पॅच काढला की कडेनं काळपट चिकट वर्तुळ राहतं, त्यात कपड्यांचे धागे अडकलेले असतात. साबणानं ते जात नाही, खोबरेल तेलानं जातं. मी ते तेलाच्या बोटानं पुसत होते आणि आई दारातच उभी होती. मी ४८ वर्षांची आहे, इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला राहून १९ वर्षं झाली, आठवड्यातून दोनदा हा पॅच बदलते आणि दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते जवळून बघत होतं.

त्याच घरात त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट जवळजवळ ठरलेली होती. माझी भावजय ४४ वर्षांची, शाळेत शिक्षिका. वर्षभर तिची पाळी वेडीवाकडी झालीय. कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी, आणि आली की आठ-दहा दिवस, गाठी पडतात, वर्गात उभं राहवत नाही. हिमोग्लोबिन आठवर आलेलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि सांगितलं, "दोन मुलं झालीत, आता पिशवीचं काय काम? काढून टाका, कटकट जाईल. ओव्हरीही काढून घेऊ, पुढे त्यांच्या कॅन्सरची भीती नको." मुलांच्या परीक्षा संपल्या की एप्रिलमध्ये ऑपरेशन. घरात या निर्णयाची कुणालाही धास्ती नव्हती. आई म्हणाली, सुट्टीत होईल तर बरं, आराम मिळेल. भीती सगळी माझ्या पॅचची.

मी हे लिहितेय ते यासाठीच. आपल्याकडे पाळी जाण्याच्या वर्षांत बाईला हॉर्मोन द्यायचं म्हटलं की सगळे दचकतात, आणि तिचा अवयव काढायचा म्हटलं की सुट्टीची तारीख बघतात. हे उलटं आहे.

मुंजीच्या आदल्या आठवड्यापासून भावजय गोळ्या घेत होती, पाळी पुढे ढकलायच्या. मातृभोजनाला लेकाशेजारी बसायचं, एका ताटात जेवायचं, त्या दिवशी पाळी यायला नको. मी तिला तेव्हा काहीच म्हटलं नाही, तिच्या जागी मीही हेच केलं असतं. पण त्या गोळ्या हॉर्मोनच्याच असतात. गौरी-गणपतीला, लग्नकार्याला, यात्रेला आपल्या घराघरांत त्या घेतल्या जातात, पुष्कळदा डॉक्टरला न विचारता. गरोदरपणात गर्भ टिकावा म्हणून प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल सर्रास दिल्या जातात. मी रात्री घेते ती कॅप्सूल तीच. देवासाठी आणि बाळासाठी हॉर्मोन चालतं. बाईला झोप लागावी म्हणून तेच दिलं की कॅन्सर आठवतो.

कॅन्सरची ही भीती आली कुठून, तेही सांगते, कारण ती उगाच आलेली नाही. २००२ मध्ये अमेरिकेत एका फार मोठ्या अभ्यासाचा एक भाग मधेच थांबवला गेला. त्यात १६ हजारांवर बायका होत्या, ५० ते ७९ वयाच्या, सरासरी वय ६३. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन कैक वर्षं झालेली. त्यांना घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम प्रोजेस्टिन यांची एकत्र गोळी दिली होती. वर्षाला १०,००० बायकांमागे स्तनाच्या कॅन्सरच्या ३० केसेस होतात तिथे गोळी घेणाऱ्यांत ३८ झाल्या. हे आठ जास्तीचे खरे आहेत, मी ते कमी लेखणार नाही. पण जगभर बातमी गेली ती "हॉर्मोननं कॅन्सर होतो" एवढीच. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात पिशवी काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं आणि त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, हे कुणाच्या कानावर गेलं नाही. त्वचेवाटे, पॅच किंवा जेलमधून, इस्ट्रोजेन घेतलं तर गोळीसारखा रक्ताच्या गुठळीचा धोका वाढलेला दिसत नाही, हेही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, या औषधांच्या माहितीपत्रकावरचा धोक्याचा मोठा चौकटीतला इशारा बहुतांशी काढत असल्याचं जाहीर केलं. नाशिकच्या पेपरात ते एका कोपऱ्यात आलं असेल, आईपर्यंत पोहोचलं नाही. २००२ चं मात्र पोहोचलंय.

माझं स्वतःचं सांगते. ४५ नंतर रात्री अडीच-तीनला जाग यायला लागली. छातीतून एक वाफ उठायची, मान, कान, डोक्यापर्यंत चढायची आणि मागोमाग घाम. नवरा रजई ओढायचा, मी खिडकी उघडून उभी राहायचे. मी हिशेबाचं काम करते. एका मीटिंगमध्ये आकडा डोळ्यांसमोर होता आणि त्याचं पुढे काय करायचं तेच आठवेना. त्या संध्याकाळी मला वाटलं, हा विस्मरणाचा आजार आहे. लेकीवर इतकी ओरडले की ती दोन दिवस बोलली नाही.

इथल्या डॉक्टरांची वेळ मिळायला तीन आठवडे गेले. दहा मिनिटं भेट, आणि हातात डिप्रेशनच्या गोळ्यांची चिठ्ठी. परदेशात सगळं सुरळीत असतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगतेय. दोन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी विचारलं: जाग किती वाजता येते, पाळीचं चक्र कसं बदललं, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर आहे का, पायात गुठळी कधी झाली का, डोकेदुखी कशी असते. रक्तदाब घेतला. रक्ताची तपासणी सांगितली नाही, कारण या वर्षांत हॉर्मोनची पातळी आज वर, उद्या खाली असते. ४५ च्या पुढे लक्षणांवरूनच निदान करावं असं इथली मार्गदर्शक तत्त्वं २०१५ पासून सांगतात. मग पॅच, आणि महिन्यातले बारा दिवस झोपताना प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल. पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन द्यायचं नसतं, आतलं अस्तर वाढत जातं आणि त्याचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून ही जोडी.

तीन आठवड्यांत रात्रीचा घाम थांबला. पहिले तीन महिने मधेच डाग लागत राहिले, सांधे अजून दुखतात, वजन होतं तिथेच आहे. पण मी झोपते. सकाळी उठल्यावर मी मीच असते.

इंग्लंडमध्ये एप्रिल २०२३ पासून या औषधांसाठी वर्षाचं एकदाच शुल्क भरायची सोय झाली. सुरुवातीला ते १९ पौंड ३० पेन्स होतं. स्कॉटलंड-वेल्समध्ये तेवढेही लागत नाहीत. पण इथे आता वारं दुसऱ्या टोकाला चाललंय, तेही मला पटत नाही. हॉर्मोन घेतलं तर म्हातारपणी विस्मरण होणार नाही, हृदय सांभाळलं जाईल, त्वचा तरुण राहील, अशा गोष्टी खाजगी क्लिनिकवाले बोलतात. त्यासाठी ही औषधं घ्यावीत असा पुरावा नाही. घाम, झोप, चिडचिड, योनीचा कोरडेपणा, हाडांची झीज, यांवर ती चालतात. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या, कारण न कळलेला रक्तस्राव असलेल्या बाईला ती अशी सहज देतही नाहीत.

आई म्हणाली, "आम्ही काय औषधं घेतली? निसर्गच आहे तो." मला १९९९ चा हिवाळा आठवला. मी बीवायके कॉलेजात होते. नाशिकची थंडी, आम्ही सगळे दोन-दोन चादरी घेऊन, आणि आई गादी सोडून उघड्या फरशीवर झोपायची. पहाटे उठून पायावर तांब्यानं गार पाणी ओतायची. आम्हाला वाटायचं, आईला उष्णता झालीय. कुणी तिला विचारलं नाही, मीही नाही. हे तिला आठवण करून दिलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दोन वर्षं झोपले नव्हते मी." ६६ व्या वर्षी न्हाणीघरात साधी घसरली तर तिचं मनगट मोडलं होतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सगळ्यात वेगानं झिजतात. ते मनगट त्यामुळेच मोडलं असं मी म्हणणार नाही, पण निसर्ग म्हणताना तेही मोजायला हवं.

आमच्याकडे पोळ्यांना मावशी येतात, दिंडोरी रोडकडून. हे सगळं बोलणं त्यांनी ऐकलं आणि पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "माझी तर बत्तिसाव्या वर्षीच काढली." पांढरं जायचं, कंबर दुखायची, द्राक्षाच्या बागेत कामाला जायच्या, खाडा झाला की मजुरी बुडायची. गावाजवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, राहू दिली तर कॅन्सर होईल. कर्ज काढून ऑपरेशन झालं. ओव्हरी काढल्या की ठेवल्या? त्यांना माहीत नाही. कागद आहे कुठेतरी. पण महिन्याभरातच अंगातून वाफा निघायला लागल्या, झोप गेली, अंग सुकल्यासारखं झालं. आज त्या ४५ च्या आहेत आणि पाठीत वाकल्या आहेत.

इस्ट्रोजेन बनतं ते ओव्हरीत, त्यामुळे त्या काढल्या की पाळी जाण्याची सगळी प्रक्रिया एका दिवसात उरकते. जे शरीर सात-आठ वर्षांत हळूहळू करतं ते एका दुपारी. इतक्या तरुण वयात असं झालं, तर निदान नेहमीच्या वयापर्यंत हॉर्मोन द्यावं, हाडांसाठी आणि हृदयासाठी, असं डॉक्टरांची तत्त्वंच सांगतात. पिशवी नाही म्हटल्यावर तिला बहुतेक वेळा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं, म्हणजे तुलनेनं कमी धोक्याचं. ज्या बाईला या औषधाची सगळ्यात जास्त गरज होती, तिला ते औषध असतं हेच तेरा वर्षं कुणी सांगितलं नाही. मला नॉटिंगहॅममध्ये वर्षाला वीसेक पौंडांत मिळतं. ही गोष्ट मला झोपू देत नाही.

आणि मावशी एकट्या नाहीत. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण बाहेर आलं, राज्य सरकारनं समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. खाडा, उचल (आगाऊ घेतलेली मजुरी), मुकादम यांवर तेव्हा बरंच बोललं गेलं, बोलायलाच हवं होतं. पण त्या १३ हजार जणींच्या पुढच्या आयुष्याचं, त्यांच्या हाडांचं, झोपेचं काय, यावर चर्चा झालेली मी वाचली नाही.

पिशवी काढणं कधीच नको, असं माझं म्हणणं नाही. कॅन्सर असेल, गाठी फार मोठ्या असतील, बाकी उपाय थकले असतील तर काढावीच लागते. आणि नाशिकची एक गोष्ट मला इथे रोज आठवते: भावजयीला संध्याकाळी त्रास झाला, तासाभरात गंगापूर रोडला डॉक्टर भेटले, त्याच रात्री सोनोग्राफी. मला इथे त्यासाठी कित्येक आठवडे थांबावं लागलं असतं. एवढी सोय हाताशी असताना अर्धा तास बसून बाईला चार पर्याय समजावून सांगायला काय हरकत आहे? आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे, इथे ५१. म्हणजे ही वर्षं आपल्या बायकांना चाळिशीतच गाठतात, मुलं शाळेत असताना, नोकरी ऐन भरात असताना.

निघायच्या आधी मी आणि भावजय एका रात्री गॅलरीत बसलो. "ताई, मग मी काय करू?" मी डॉक्टर नाही, तसं तिला म्हटलं. पण एवढं सांगितलं की आधी रक्त का जातंय ते नक्की होऊ दे, अस्तराचा तुकडा तपासू दे, थायरॉईड बघू दे, लोह भरून काढू दे. मिरेनाबद्दल विचार, तांबीसारखीच आत बसवतात, तिच्यातून थोडं थोडं हॉर्मोन सुटतं, रक्तस्राव पुष्कळ कमी होतो. शिवाय पुढे जेल लावायची वेळ आली तर अस्तराचं रक्षणही तीच करते. आणि काहीही झालं तरी ओव्हरी का काढायच्या, याचं उत्तर घेतल्याशिवाय सही करू नकोस. तिनं हे सगळं लेकाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी भावाबरोबर गोळे कॉलनीत चौकशी केली. विचारलेल्या दुकानांत पॅच नव्हता, जेल होतं.

मार्चमध्ये तिचा आवाजी निरोप आला, मागे रिक्षांचा आवाज. "ताई, दुसऱ्या डॉक्टर मॅडमना दाखवलं. तुकड्याचा रिपोर्ट चांगला आलाय. ऑपरेशन नको म्हणाल्या तूर्त, मिरेना बसवू म्हणाल्या. जेलचं तीन महिन्यांनी बघू. आणि ताई, आई येतायत माझ्याबरोबर मंगळवारी. त्यांना मॅडमना त्यांच्या हाडांचं विचारायचंय. आणि मावशींना पण घेऊन जाऊ म्हणतायत, तो कागद सापडलाय."