खाजकुहिलीने कंपवात बरा होतो का? खुलासा

‘खाजकुहिलीच्या बियांची पूड रोज दुधातून घ्या, पार्किन्सन्स (कंपवात) मुळापासून जातो, गोळ्या बंद करा,’ असा संदेश फिरतो आहे. यातली शेवटची सूचना घातक आहे.

या बियांत लेवोडोपा खरोखर असतो, साधारण ३ ते ६ टक्के. कंपवाताच्या गोळ्यांतला मुख्य घटक तोच; मेंदूत त्याचे डोपामीन बनते, ज्याची या आजारात कमतरता असते. म्हणजे ५ ग्रॅम पुडीत १५० ते ३०० मिलिग्रॅम. नेमका किती, ते घरी कळत नाही. गोळीत लेवोडोपासोबत कार्बिडोपा असतो. तो नसला की बराचसा लेवोडोपा मेंदूत पोहोचण्याआधीच डोपामीन बनतो. मग मळमळ, उलट्या, उभे राहताच रक्तदाब घसरणे. दुधातली प्रथिनेही त्याचे शोषण अडवतात.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या चाचणीत ३० ग्रॅम पुडीचा परिणाम नेहमीच्या लेवोडोपा-कार्बिडोपा गोळीपेक्षा लवकर सुरू झाला, जास्त टिकला. आशादायक, पण रुग्ण फक्त ८. आणि लक्षणे कमी झाली तरी मेंदूतल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशींची झीज थांबत नाही.

गोळ्या अचानक बंद केल्यास ताठरपणा, तीव्र ताप, भ्रम होऊन जीवावर बेतू शकते. पूड आधीच घेत असाल तर किती आणि केव्हा, ते न्यूरॉलॉजिस्टना सांगा. गोळ्यांचा डोस त्यावर ठरतो.