मसणातले फोटो

शेजारचे काका परदेशातून आले की त्यांचे फोटो बघावे लागतात. सुटका नाही. जाताना शेंगाचटणी आणि कडक भाकरी आमच्याच घरून गेलेली असते, तिची फेड ते अशी करतात. सोलापुरात मे महिन्यात हमखास जाणारी वीज अशा संध्याकाळी मुळीच जात नाही.

निवृत्तीनंतर काकांना नाद लागलाय स्मशानांचा. आयफेल टॉवर दिसेल म्हणून सासूबाई चष्मा पुसून बसल्या, तर टीव्हीवर आलं पेर लाशेज, पॅरिसचं स्मशान. 1804 साली ते उघडलं, पण गावाबाहेर म्हणून तिकडे कुणी मढं नेईना. मग 1817 साली मोलिएर आणि ला फोंतेन या जुन्या फ्रेंच लेखकांना उकरून तिथे आणलं. बडी नावं आली तशी गिऱ्हाइकंही आली. गावाबाहेरचे प्लॉट विकायची रीत ही अशी जुनी आहे. तिथेच लेखक ऑस्कर वाइल्ड. त्याच्या थडग्यावर लोक लिपस्टिक लावून मुके घेत, म्हणून 2011 साली भोवती काच बसवली.

"घरी येऊन अंघोळ केलाव का नाही ओ?" सासूबाईंनी विचारलं. काकांनी घाईने लंडन लावलं.

हायगेटला कार्ल मार्क्स. बघायला तिकीट! गिरणीत लाल बावटा धरलेले आमचे चुलते खुर्चीतून उठलेच. "सिद्धरामेश्वरांच्या समाधीला आपण फुकट जातो की," सासूबाईंनी त्यांना बसवलं.

जपानच्या कोयासानला तर वाळवीचं स्मारक आहे, तेही वाळवी मारणाऱ्यांच्या संघटनेने बांधलेलं. बायकोच्या शालूला वाळवी लागली होती. तिने चहाच आत नेला.

शेवटी रोमानियातलं सापान्त्सा. तिथे पात्राश नावाचा कारागीर 1935 पासून निळ्या लाकडी क्रुसांवर गेलेल्या माणसाचं चित्र कोरायचा आणि खाली त्याची कुलंगडी कवितेत लिहायचा. काकांनी एक वाचून दाखवली: इथे माझी सासू निजली आहे, आणखी तीन दिवस जगली असती तर इथे मी असतो आणि हे ती वाचत असती.

मी हसलो. एकटाच.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्यावर काय लिहायचं ते आत्ताच सांगून ठेवा. यमक जुळवायला मला वेळ लागतोय."