प्लेगने कुणाचं भलं केलं नाही

आज शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला. म्हणे १३४८च्या प्लेगने युरोपातल्या गरिबांचं भलंच झालं. माणसं कमी झाली, मजुरी वाढली. खाली भराभर अंगठे. डोकं फिरलं माझं.

मजुरी काय आपोआप वाढली? इंग्लंडचंच घ्या. दोनेक वर्षांत तिथली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. पिकं शेतात उभी, कापायला हात नाहीत. उरलेल्यांनी चार पैसे जास्त मागितले, तर तिसऱ्या एडवर्ड राजाने जून १३४९मध्ये, साथ चालू असतानाच, हुकूम काढला. साठीच्या आतल्या धडधाकट माणसाने बोलावतील तिथे कामाला जायचं, तेही प्लेगच्या आधीच्या दराने. १३५१मध्ये पार्लमेंटने कायदाच केला. कापणीला दिवसाला २-३ पेनी, आणि न ऐकणाऱ्यासाठी गावोगाव पाय अडकवायचे खोडे!

मला आमच्या सोसायटीची मीटिंग आठवते, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतरची. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींचे यजमान त्या लाटेत गेले होते. त्यांनी पाचशे रुपये वाढवून मागितले, तर ठराव झाला की सगळ्या घरांत एकच दर, जादा कुणी द्यायचं नाही. मी भांडले, उपयोग शून्य. एडवर्डच्या हुकुमातही जादा देणाऱ्याला दंड होता.

"त्यांच्याकडे स्मार्टफोन आहे की," असंही एकजण बोलले. तिकडे १३६३मध्ये कायदा झाला, नांगर धरणाऱ्याने जाडंभरडंच कापड वापरावं. लवकरच मागे घ्यावा लागला, पण जळफळाट बघा.

हो, पुढे मजुरी वाढली, भूदासपण, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेलं जिणं, तेही विरत गेलं. मान्य. पण ते प्लेगने दिलं नाही. लोकांनी दंड सोसले, जास्त देणारा मालक शोधत गावं सोडली. आमच्या मावशींनीही तेच केलं, पलीकडच्या सोसायटीत कामं धरली. १३८१मध्ये पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांकडून डोईपट्टी वसूल होऊ लागली तेव्हा लंडनजवळच्या केंट-एसेक्सची माणसं लंडनवर चालून गेली. भूदासपण संपवा, असं त्यांचा म्होरक्या वॉट टायलरने राजाच्या तोंडावर सांगितलं. तो लंडनच्या स्मिथफील्डला मारला गेला आणि चौदा वर्षांच्या राजा रिचर्डने भूदासांना दिलेल्या मुक्तीच्या सनदा परत घेतल्या.

आणि गेलेल्यांचं काय? १३६१मध्ये साथ परत आली, तेव्हा मुलं इतकी दगावली की तिला मुलांची साथ म्हणू लागले. त्या आईबापांना पेनीभर मजुरी जास्त मिळाली असेलही. मावशीही आता जास्त कमावतात. यजमानांचा विषय निघाला की अजून भांडी घासता घासता थांबतात. हा नफ्यातोट्याचा हिशेब ज्याला मांडायचाय त्याने खुशाल मांडावा, माझ्या भिंतीवर नको.