मुंकच्या मावशीचं नाव कोणी का घेत नाही?

आज सकाळी एका ग्रुपवर 'द स्क्रीम'चं चित्र आलं. खाली मजकूर होता: एडवर्ड मुंक, नॉर्वेचा वेडा चित्रकार, आई गेली, बहीण गेली, म्हणून एवढा मोठा कलावंत झाला, दुःखाशिवाय कला नाही. त्याखाली हात जोडलेल्या इमोज्यांची रांग. दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून आता लिहायला बसले.

मुंक 5 वर्षांचा असताना, 1868 मध्ये, त्याची आई क्षयाने गेली. घरात पाच मुलं, वडील लष्करी डॉक्टर, पैशाची ओढाताण आणि सतत नरकाची भीती घालणारा धर्म. त्या घरात आईची बहीण कारेन आली आणि राहिलीच. तिशीच्या आसपासची होती. स्वतःचा संसार तिने थाटला नाही. ती स्वतः शेवाळ, पानं लावून निसर्गदृश्यं करायची. मुलांच्या हाती चित्रकला आली ती तिच्यामुळे. 1880 मध्ये पोराने इंजिनिअरिंग सोडलं तेव्हा वडिलांना ते मुळीच रुचलं नाही. मावशी मात्र त्याच्या बाजूने होती.

आता त्याच्यावरच्या प्रभावांची यादी कुठेही वाचा. चित्रकार क्रिस्तियान क्रोग येतो, स्वतःचं आयुष्यच लिहा-रंगवा म्हणणारा लेखक हान्स येगर येतो, पॅरिस येतं, गोगँ आणि व्हॅन गॉग येतात, बर्लिनमध्ये भेटलेला स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्ग येतो. कारेन ब्योलस्टाड? 'मावशीने सांभाळ केला' असं अर्धं वाक्य, झालं.

मला एवढं का लागतं ते माझ्या यादीतल्या जुन्या मित्रांना माहीत आहे. माझी आई मी दुसरीत असताना गेली. मावशीने वाढवलं. शाळेत चित्रकलेचं बक्षीस मिळालं तेव्हा व्यासपीठावरचे पाहुणे माईकवर म्हणाले, "आईच्या विरहाने या मुलीच्या हाताला रंग दिले." टाळ्या पडल्या. रंग मावशीने दिले होते हो! कॅमलची पेटी, तिच्या शिवणकामाच्या पैशातून. ती तिसऱ्या रांगेत बसली होती आणि तीही टाळ्या वाजवत होती.

'आजारी मूल' हे चित्र शोधून बघा. सोफी, मुंकची थोरली बहीण, 1877 मध्ये पंधराव्या वर्षी क्षयाने गेली. तिच्या आठवणीतलं हे चित्र त्याने 1885-86 मध्ये रंगवलं, आणि पुढच्या चाळीसेक वर्षांत पुन्हा पुन्हा, एकूण सहा वेळा. रंग थापलेला, खरवडलेला, परत थापलेला. 1886 च्या प्रदर्शनात लोक त्याला हसले. उशीला टेकलेली लालसर केसांची मुलगी सगळ्यांना दिसते. तिचा हात धरून जी बाई मान खाली घालून बसली आहे, तिच्यासाठी कारेन मावशी बसली होती. तिचा चेहरा दिसतच नाही. बहीण गेली, मग बहिणीची लेक गेली, आणि त्याच दुःखासाठी ही बाई भाच्यासमोर मॉडेल म्हणून बसली. मला तर ते चित्र तिचंच वाटतं.

हो, मान्य, आजारपण आणि भीती नसती तर मी भरकटलो असतो असं मुंक स्वतःच लिहून गेला आहे. पण सोसणाऱ्याने स्वतःबद्दल म्हणणं वेगळं आणि आपण सोफ्यावर बसून त्याला शाबासकी देणं वेगळं.

आणि 'वेडा' म्हणायचं तर थांबाच. 'द स्क्रीम'च्या 1893 च्या चित्रावर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय की हे केवळ वेडाच रंगवू शकतो. कुणा प्रेक्षकाने खोडी केली असं बरीच वर्षं मानलं जायचं. 2021 मध्ये नॉर्वेच्या राष्ट्रीय संग्रहालयाने तपासून सांगितलं, अक्षर मुंकचंच. 1895 मध्ये त्याच्या चित्रांवरच्या चर्चेत एका वैद्यकीय विद्यार्थ्याने त्याच्या मानसिक स्थितीवरच शंका घेतली होती, बहुधा त्यानंतर त्याने ते लिहिलं. बहीण लाउरा मानसिक आजारात होरपळत होती, तेव्हा त्याला हे किती बोचलं असेल! सव्वाशे वर्षांनी आपण तोच शब्द कौतुक म्हणून फॉरवर्ड करतो?

1908 मध्ये तो कोसळला. दारू, भास, भीती. मग कोपनहेगनला डॉक्टर याकोबसन यांच्या दवाखान्यात काही महिने राहिला, बरा होऊन बाहेर पडला. त्यानंतर ओस्लोच्या विद्यापीठाच्या सभागृहासाठी त्याने तो प्रचंड सूर्य रंगवला, समुद्रावरून वर येणारा. एकदा डोळे भरून बघा तो. 1944 मध्ये, 80 वर्षं जगून गेला. उपचारांनी त्याची कला मेली नाही. हे कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतं, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. आपल्या ओळखीतली एखादी मुलगी 'माझं दुःख गेलं तर माझी कविता जाईल' म्हणत गोळ्या बंद करते, आणि वर आपण असले मेसेज पाठवतो.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. मावशीला मघाशी फोन केला, मुंकच्या मावशीची गोष्ट सांगितली. तिने आधी विचारलं, "मग त्या पोराने तिला म्हातारपणी बघितलं का?" हो मावशी. तो पैसे पाठवायचा, पत्रं लिहायचा. ती 1931 पर्यंत होती, भाचा जगभर गाजलेला तिने पाहिला. मुंकची पत्रं ओस्लोच्या मुंक संग्रहालयाने इंटरनेटवर ठेवली आहेत, तिला लिहिलेलीही.

सकाळचा मेसेज ज्यांनी टाकला ते ही पोस्ट वाचणार आहेत, मला माहीत आहे. दादा, राग तुमच्यावर नाही. पण तो पुढे पाठवणार असाल तर त्यात कारेनचं नाव घाला, आणि 'वेडा' काढा.