स्मार्ट चष्म्याच्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: स्मार्ट चष्मे डोळ्यांत लेझर सोडतात, त्यानं पडदा जळतो, मुलांना मोतीबिंदू होतो, त्यांचा डेप्थ सेन्सर (समोरच्या वस्तूचं अंतर मोजणारा भाग) कपड्यांच्या आणि भिंतींच्या आरपार बघतो, डोळ्यांच्या हालचालींवरून मनातलं ओळखतो, आणि असे चष्मे घातलेली माणसं एफसी रोडवर हिंडत आहेत. सावध राहायला हवंच. पण या मेसेजमुळे लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात आणि खरा धोका नजरेआड होतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ या.

आधी एफसी रोडवरचा चष्मा. मे 2025 मध्ये भारतात 29,900 रुपयांपासून पुढच्या किमतीत आलेला रे-बॅन मेटा घ्या. त्यात समोर बघणारा 12 मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, पाच माइक आहेत, काड्यांमध्ये स्पीकर आहेत. घालणाऱ्याच्या डोळ्यांकडे रोखलेला कॅमेरा नाही. डेप्थ सेन्सरही नाही. मेसेजमध्ये सांगितलेल्या दोन्ही गोष्टी डोक्यावर चढवायच्या उपकरणांत, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स 2 मध्ये (2019), मॅजिक लीप 2 मध्ये (2022) आणि अॅपलच्या व्हिजन प्रोमध्ये (2024) आहेत. यातला व्हिजन प्रो 600 ग्रॅमच्या वर भरतो आणि त्याची बॅटरी वेगळी, वायरीनं जोडलेली. ते घालून कोणी शेजारून गेलं तर लक्षात न येणं शक्य नाही.

आता डोळे जळण्याचा मुद्दा, कारण पालक सगळ्यात जास्त यालाच घाबरले आहेत. नजर टिपणाऱ्या उपकरणांत भिंगाभोवती बारीक इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे) एलईडी असतात, बहुतेक 850 किंवा 940 नॅनोमीटर तरंगलांबीचे. त्यांचे ठिपके बुबुळावर चमकतात. छोटा कॅमेरा ते ठिपके आणि बाहुली दोन्ही टिपतो. डोळा फिरला की ठिपक्यांच्या मानानं बाहुली सरकते, आणि त्यावरून नजर कुठे आहे याचं गणित मांडता येतं. यात पडदा जाळणारा लेझर कुठेही नाही.

आणि हा प्रकाश आपल्या डोळ्यांना नवा नाही. लक्ष्मी रोडवरच्या कोणत्याही चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढताना काय होतं ते आठवा. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, आत सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा दिसतो. चित्र अंधूक होतं, पुन्हा स्पष्ट होतं, आणि चिठ्ठीवर नंबर छापून येतो. ते मशीन तो नंबर डोळ्यात इन्फ्रारेड प्रकाश सोडून, पडद्यावरून परत आलेला प्रकाश मोजूनच काढतं. आधार काढताना बुबुळांचा फोटोही इन्फ्रारेडमध्येच घेतात.

मर्यादा किती, तेही ठरलेलं आहे. बराच वेळ डोळ्यांवर इन्फ्रारेड पडणार असेल तर दर चौरस सेंटिमीटरला 10 मिलिवॅट ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा आहे. भर दुपारच्या उन्हातून तेवढ्याच जागेवर साधारण 100 मिलिवॅट ऊर्जा पडते आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास इन्फ्रारेडच असतं. मोतीबिंदूची गोष्ट मात्र हवेतून आलेली नाही. भट्टीसमोर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या काच कारागिरांना तो होत असे. दुसरं म्हणजे इन्फ्रारेड दिसत नाही, त्यामुळे डोळा आपोआप मिटत नाही की बाहुली आकसत नाही. म्हणूनच सुरक्षा चाचणी न झालेलं, बिननावाचं स्वस्त उपकरण मुलांच्या डोळ्यांना लावू नये, हे मी आग्रहानं सांगेन.

भिंतीच्या आरपार बघण्याचा दावा सेन्सरच्या कामाच्या पद्धतीतच कोसळतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, साधारण 30 सेंटिमीटर जातो. अनेक डेप्थ सेन्सर प्रकाश सोडतात आणि तो आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतात. हा प्रकाश भिंतीतून पलीकडे जातच नाही, भिंतीवर आपटून परत येतो. मग भिंतीच्या अंतराशिवाय दुसरं काय मोजणार? कपड्यांची अफवा बहुधा 2020 च्या वनप्लस 8 प्रो फोनवरून आली असावी. त्याच्या एका कॅमेऱ्यातून इन्फ्रारेडमुळे काळं पातळ प्लास्टिक आणि काही पातळ कपडे थोडे पारदर्शक दिसत, आणि त्यावर गदारोळ झाला होता. तो फोटो काढणारा कॅमेरा होता. डेप्थ सेन्सर अंतराचे आकडे देतो.

मनातलं ओळखण्याचा मुद्दा निम्मा खोटा आहे, पण उरलेला निम्मा गंभीर आहे. नजर कुठे खिळली, किती वेळ, हे साधारण एका अंशापर्यंत कळतं, म्हणजे 60 सेंटिमीटरवर जेमतेम एक सेंटिमीटरचा फरक. त्यातून विचार वाचता येत नाहीत. विचारांच्या ताणानं बाहुली मोठी होते खरी, पण दिवा लावला-घालवला की त्याहून कितीतरी जास्त बदलते. तरीही 2024 मध्ये संशोधकांनी व्हिजन प्रो वापरणाऱ्याच्या व्हिडिओ कॉलमधल्या आभासी चेहऱ्याचे डोळे पाहून, तो नजरेनं काय टाइप करतोय ते बऱ्याच अंशी ओळखून दाखवलं. पासवर्डसुद्धा. अॅपलला ते अपडेट देऊन बंद करावं लागलं. नजरेची नोंद जपायची ती यासाठी.

आणि मेसेजमध्ये ज्याचं नावही नाही तो साधा समोरचा कॅमेरा. 2024 मध्येच हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी रे-बॅन मेटाच्या चित्रणाला चेहरा शोधणारी वेबसाइट जोडून अनोळखी माणसांची नावं आणि पत्ते काढून दाखवले. त्यासाठी ना नजर टिपावी लागली, ना अंतर मोजावं लागलं. चित्रण चालू असताना फ्रेमवर पांढरा दिवा लागतो, पण तो भर उन्हात चटकन दिसत नाही. आपल्याकडचा 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एखाद्यानं स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या नोंदीला लागू होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 77 बाईच्या खासगी क्षणांच्या चित्रणापुरतं आहे. एफसी रोडवरून चालणाऱ्या मुलीचं कोणी चष्म्यातून नुसतं चित्रण करून स्वतःजवळ ठेवलं, तर या दोन्ही तरतुदींतून तिला काहीही हाती लागत नाही.