गाठ गळ्यात, आरोपी स्वयंपाकघरात

मानदुखीसाठी सोनोग्राफी केली आणि थायरॉइडमध्ये सात मिलिमीटरची गाठ सापडली. डॉक्टर म्हणाले, "आत्ता काही करायचं नाही, सहा महिन्यांनी परत बघू." ही बातमी फॅमिली ग्रुपवर टाकायची चूक मी केली. पाच मिनिटांत निदान आलं: "प्लास्टिकचे डबे वापरतेस ना? भोग आता."

थायरॉइडचा कॅन्सर बायकांना पुरुषांच्या साधारण तिप्पट होतो, आणि बोट मात्र पुन्हा बायकांच्याच ओट्याकडे!

गाठी जास्त सापडतात याचं एक कारण म्हणजे आपण जास्त शोधतो. दक्षिण कोरियात सोनोग्राफी सरसकट व्हायला लागली आणि १९९३ ते २०११ मध्ये या कॅन्सरची नोंद १५ पट झाली. मृत्यू होते तेवढेच राहिले.

म्हणून रसायनं सुटली असं समजू नका. थायरॉइडच्या टी-फोर हार्मोनमध्ये दोन कडी असतात, मध्ये ऑक्सिजनचा सांधा आणि कड्यांवर आयोडीनचे चार अणू. सोफ्याच्या फोममध्ये, टीव्हीच्या मागच्या आवरणात आग पसरू नये म्हणून जी पीबीडीई रसायनं घातली जायची, त्यांचा मूळ सांगाडा तसाच, आयोडीनच्या जागी ब्रोमीन. शरीर फसलं तर त्याचा काय दोष? शिवाय ती फोमला चिकटून राहत नाहीत. सुटतात, धुळीत मिसळतात आणि हाताला लागून तोंडात जातात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांच्या घरातली धूळच तपासली. यातलं डेका हे रसायन जिथे जास्त, तिथे पॅपिलरी थायरॉइड कॅन्सरचे, म्हणजे या कॅन्सरच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचे, रुग्णही जास्त निघाले. हा अभ्यास २०१७ चा. घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदी यादीत डेका आलं तेही त्याच वर्षी. जुने सोफे अजून घराघरांत आहेतच.

डाग-पाणी धरू नये म्हणून कापडांवर, गालिच्यांवर मारलं जायचं त्या पीएफओएस रसायनाबद्दलही २०२३ मध्ये असंच काहीसं निघालं. रक्तातलं प्रमाण दुप्पट, तर या कॅन्सरचं निदान होण्याची शक्यता ५६ टक्के जास्त. पण रुग्ण होते ८८. एवढ्यावर कुणाला फाशी देता येत नाही, आणि निर्दोष म्हणून घरीही पाठवता येत नाही. लहानपणी झालेल्या किरणोत्सर्गाचं तसं नाही, तो गुन्हा चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या अपघातानंतर पुरता शाबीत झालाय.

माझा राग आहे तो पुरावा गोळा करायच्या क्रमावर. रसायन आधी बाजारात येतं, मग आपल्या रक्तात, आणि मग वीस-तीस वर्षांनी कुणीतरी ते मोजायला बसतं. प्लास्टिकमध्ये वापरलं जाणारं बीपीए हे रसायन बदनाम झालं, युरोपने २०११ मध्ये बाळांच्या बाटल्यांतून ते हद्दपार केलं, तर कित्येक ठिकाणी त्याच्या जागी त्याचाच चुलतभाऊ बीपीएस येऊन बसला. आता प्रत्येक गृहिणीने रसायनशास्त्र शिकून बाजारात जायचं का? हे काम कायद्याचं आहे, विकण्याआधी तपासण्याचं.

ग्रुपच्या आग्रहाखातर मी नवी बाटली आणलीय. वर ठसठशीत लिहिलंय, 'बीपीए-मुक्त'. त्याऐवजी काय घातलंय, ते उलटून-पालटून पाहिलं. कुठेच लिहिलेलं नाही.