‘एक वाचक’ यांना उत्तर : औसा, समुद्र आणि ६३ किलोमीटरचा वारा

अरबी समुद्रातल्या जुलैच्या वाऱ्यांवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक वाचक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ती जशीच्या तशी देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको.

“टँकरचं पाणी पिणारे लोक आता समुद्रावर ज्ञान देणार! औशात बसून गेल-वाऱ्याच्या गप्पा मारण्यापेक्षा शेतीवर लिहा. ताशी ६३ किलोमीटरचं एवढं कौतुक कशाला? आपल्याकडे वळवात याहून जास्त वारा सुटतो, पत्रे उडतात. नकाशा शिळा वाटतो, लेख आला त्याच्या आदल्या दिवशीच बावटा उतरला होता. आणि नॉटचे आकडे कुणासाठी?”

नव्या वाचकांसाठी : ‘गेल’ म्हणजे ताशी ६३ किलोमीटरपासून पुढचा समुद्रावरचा सोसाट्याचा वारा, ‘नॉट’ हे जहाजांवरचं वेगाचं माप, आणि ‘बावटा’ म्हणजे बंदरावर चढवलेली वाऱ्याच्या इशाऱ्याची खूण. आधी भाषेबद्दल बोलू. टीकेचं मला वावडं नाही, इथले जुने वाचक ते जाणतात. पण टँकर मध्ये आणायचं काही कारण होतं का? २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली माणसं अजून याच गल्ल्यांत राहतात, हा ब्लॉगही वाचतात. तुम्ही “आपल्याकडे” म्हणता, म्हणजे इथलेच दिसता. इथल्याच माणसाने पाण्यावरून टोमणा मारावा आणि तोही नाव झाकून, याचं मला जास्त वाईट वाटलं.

आता ‘औशात बसून’. महाशय, भारतातल्या समुद्राच्या लाटांचा अंदाज कुठून निघतो ठाऊक आहे? हैदराबादहून. इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था १९९९ पासून तिथे आहे. मच्छीमारांना लाटांची उंची कळते ती तिथून, आणि हैदराबादला हुसेनसागर सोडला तर दुसरा कुठला सागर मी तरी पाहिलेला नाही. १९५६ पर्यंत आपला मुलूख हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा त्या शहराला तरी परकं म्हणू नका. चक्रीवादळाचं म्हणाल, तर त्याचा इशारा दिल्लीच्या हवामान खात्यातून निघतो, आणि तो नुसता आपल्यापुरता नाही, ओमान, येमेन, बांगलादेश, म्यानमार यांनाही जातो. दिल्लीला कुठला किनारा आहे? समुद्रावर बोलायला दारात समुद्र लागत असता, तर हे सगळे लोक घरी बसले असते.

सांगणार नव्हतो, पण तुम्ही काढलंतच म्हणून सांगतो. मी काही वर्षं मालवाहू जहाजावर ऑइलर, म्हणजे इंजिन रूममधला कामगार होतो. आमच्या भागातून सैन्यात जाणारे पुष्कळ, जहाजावर जाणारा विरळा, त्यामुळे घरच्यांना मी नेमकं काय करतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. मुंबईहून एडनच्या आखाताकडे जुलैत निघालं की वारा समोरून. जहाजाचं नाक लाटेत खाली जातं, मागचा पंखा पाण्याबाहेर येतो, आणि ओझं सुटल्यामुळे इंजिन एकाएकी किंचाळत पळायला लागतं. इंजिनचा वेग आवरणारं यंत्र, गव्हर्नर, ते दाबतो तोवर पंखा पुन्हा पाण्यात आदळलेला असतो. एका हाताने कठडा धरायचा, दुसऱ्याने काम करायचं, पायाखाली तेलकट लोखंड. शेवटी वरून वेग कमी करायचा हुकूम येतो. इंजिन रूममधून समुद्र दिसतो कुठे, असं तुम्ही आता म्हणालच. नाही दिसत. खाली उभ्या माणसाला तो पायांतून कळतो.

आणि वळवाचा वारा. हा मुद्दा तुम्हाला फार बिनतोड वाटलेला दिसतो. वळवाला आमचेही पत्रे उडालेत, आंबा झडलाय. पण तो वारा म्हणजे गडगडाटी ढगातून खाली कोसळणारी थंड हवा. काही किलोमीटरचा पट्टा, अर्ध्या तासाचा खेळ. तुम्ही सांगता तो झोताचा, म्हणजे क्षणभराच्या फटक्याचा वेग, आणि ३४ नॉट म्हणजे ताशी ६३ किलोमीटर हा गेलचा आकडा सरासरी वाऱ्याचा. आपलं हवामान खातं चक्रीवादळासाठी तीन मिनिटांची सरासरी धरतं, झोत त्याच्या वर. झोताशी सरासरीची तुलना करून जिंकायचं असेल तर खुशाल जिंका.

समुद्रावर नुसत्या वेगाने काही ठरत नाही. वारा किती तास वाहिला आणि किती लांब उघड्या पाण्यावरून आला, यावर लाट ठरते. आगीला पाचट मिळावं तसं वाऱ्याला तिथे पाणी मिळत जातं. एडनच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या सोकोत्रा बेटापासून मुंबईपर्यंत सुमारे दोन हजार किलोमीटर मध्ये आडवं यायला काही नाही. वाऱ्याचा जोर पायऱ्यांनी मोजणाऱ्या बोफर्टच्या तक्त्यात आठव्या पायरीला, म्हणजे ३४ ते ४० नॉटला, खुल्या समुद्रात साडेपाच मीटरच्या लाटा धरल्या आहेत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे वेगळंच. म्हणून आपलं खातं गेलची वाट पाहत बसत नाही, ताशी ४५ किलोमीटरपासूनच मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका म्हणून सांगतं.

हा वारा यायला चक्रीवादळ लागत नाही, मूळ लेखाचा विषय तोच होता. दक्षिण हिंदी महासागरातून निघालेली हवा विषुववृत्त ओलांडते, पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ पठाराला अडून उत्तरेकडे वळते आणि सोमालियाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात घुसते. तिचा सर्वांत वेगवान गाभा एक-दीड किलोमीटर उंचीवर असतो. फिंडलेटर या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये तो मांडला. एरवी उष्ण कटिबंधातले वारे बहुतेक शांत स्वभावाचे, पण हा पट्टा जून ते ऑगस्ट खवळलेला असतो. इतका, की आंतरराष्ट्रीय नियमाने त्या तीन महिन्यांत अरबी समुद्रात जहाजाला ‘ट्रॉपिकल’ रेषेपर्यंत (जहाज माल भरून किती बुडू द्यायचं ते दाखवणाऱ्या, त्याच्या बाजूवर रंगवलेल्या रेषांपैकी एक) माल भरता येत नाही, तिच्या खालच्या ‘समर’ रेषेवर थांबावं लागतं. म्हणजे उष्ण कटिबंधातला समुद्र, आणि कागदोपत्री त्याची ती सवलत काढून घेतलेली. हे मी लेखात लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत पोचला नसाल.

एक मान्य करतो. नकाशावरची तारीख कोपऱ्यात बारीक आहे, मोबाईलवर दिसत नाही. ती ठळक करतो. बावटा उतरला होता म्हणता, उतरला असेल. मी इशारा देत नव्हतो, वारा समजावून सांगत होतो. इशाऱ्यासाठी खातं आहे, बंदर आहे.

“शेतीवर लिहा” याला काय उत्तर द्यायचं! २६ सप्टेंबर २०२१ ला ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. त्याचं उरलेलं तेलंगणातून सरकत आपल्या डोक्यावर आलं आणि काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, नदीकाठची माती खरवडून गेली. तेच पुढे अरबी समुद्रात उतरून पुन्हा तापलं, ‘शाहीन’ झालं आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर धडकलं. दोन समुद्रांच्या मधल्या वाटेवर आपलं शिवार होतं. शेतीवर म्हणजे नेमकं कशावर लिहू, तेवढं सांगा.

नॉट राहतील, कारण बंदरावर आणि जहाजावर तेच चालतात. शेजारी किलोमीटर पहिल्यापासून देतो आहे. पुढच्या लेखावरही जरूर लिहा. नाव घालून लिहिलंत तर उत्तर जरा लवकर देईन.